फर्लोवर ठाण्यात येताना

फर्लो म्हटलं की ठाणेकराला आधी मध्यवर्ती कारागृह आठवतं. पहिल्या वेळी सोसायटीच्या वॉचमनला मी सांगितलं, "आम्ही तीन महिने फर्लोवर आलोय," तेव्हा तो आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, साहेब कुठल्या केसमध्ये होते?" मिशनच्या भाषेत फर्लो म्हणजे परदेशी सेवेतल्या कुटुंबाची घरवापसीची रजा. आमची दर तीन वर्षांनी असते. आमचे हे टांझानियात म्वांझाला बायबल शाळेत शिकवतात, मी तिथल्या दवाखान्यात नर्स आहे. अकरा वर्षं झाली. इथलं घर कळव्याला, खारीगावात.

आमच्या चर्चच्या मंडळीतलं एक तरुण जोडपं आता मिशनच्या कामाला परदेशी निघालंय. त्यातली ती परवा घरी आली, हातात वही. "ताई, काय काय न्यायचं ते सांगा." मी म्हटलं, ते शेवटी. आधी परत कधी यायचं, कुठे उतरायचं, ते लिही. जायच्या तयारीला सगळे हात लावतात: प्रार्थना होते, हार होतात, बॅगा भरायला नणंदा येतात. परत यायची तयारी मात्र कुणी करून देत नाही, ती आपली आपणच करायची. म्हणून हे लिहितेय.

तारखेपासून सुरुवात करा. टांझानियात शाळेचं वर्ष जानेवारीला सुरू होतं आणि डिसेंबरच्या सुमारास संपतं. इथलं जून ते एप्रिल. मे-जूनमध्ये आलात तर मुलांना सत्रातून उठवावं लागतं, वर पावसाळा. आम्ही डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि फेब्रुवारी संपता संपता निघतो. पहिल्या सत्राचे काही आठवडे बुडतात. मी पुस्तकं बरोबर आणते आणि सकाळी दोन तास बसवते. नाताळ आपल्या माणसांत होतो. पण एक करू नका: डिसेंबरमध्ये पाळकांकडे (पास्टरांकडे) मंडळीपुढे बोलायला वेळ मागू नका. त्यांच्या डोक्यावर कॅरल, नाटक, संडे स्कूलची बक्षिसं, सगळं एकदम असतं. जानेवारीचे रविवार मागा, लेंट म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ लागायच्या आत. आणि त्यासाठीचं पत्र त्यांना सप्टेंबरमध्येच टाका.

उतरायचं कुठे, यावर माझं मत ठाम आहे. स्वतःची एक खोली तरी हवी. पहिल्या फर्लोला आम्ही चौघं दिरांच्या वन बीएचकेमध्ये उतरलो. दीर-जाऊ जीव लावणारी माणसं, तरी तिसऱ्या आठवड्यात सकाळच्या बाथरूमवरून जाऊबाईंची आणि माझी जी जुंपली ती सासूबाईंनी मिटवली. चूक आमचीच होती. पाहुणा आठवड्याचा असतो. तीन महिन्यांचा माणूस म्हणजे भाडेकरू, तोही भाडं न देणारा. ज्यांचं घर नाही त्यांनी दोन मंडळ्यांमध्ये विचारून ठेवावं, कुणाचा तरी फ्लॅट रिकामा असतोच. मेंटेनन्स आणि लाईट बिल आपण भरायचं, हे आधीच बोलून घ्यायचं.

कागदांचं थोडक्यात सांगते. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षं चालतो, लहान मुलांचा पाचच. तो नेमका फर्लोच्या आसपास संपतो असा माझा अनुभव. वागळे इस्टेटातल्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ आल्या आल्या घ्या, निघायच्या महिन्यात नको. तिकडच्या निवासी परवान्याची मुदत आपण इथे असताना संपत नाही ना, तेही बघा. यलो फीवरच्या लसीच्या दाखल्याचं पिवळं पुस्तक हातातल्या पर्समध्ये ठेवायचं. आम्ही नैरोबीवरून येतो. केनियासारख्या देशातून आलेल्या माणसाकडे दाखला नसला तर विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत अलग ठेवता येतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग तो जन्मभर चालतो; 2016 पासून दर दहा वर्षांनी टोचून घ्यावं लागत नाही. यांनी एकदा चारही पुस्तकं "नीट राहावीत म्हणून" मोठ्या बॅगेत तळाशी ठेवली. बॅग पट्ट्यावर, आम्ही काउंटरच्या अलीकडे. बाकी कल्पना करा.

पैशाचं सी.ए.ला विचारा, पण तीन गोष्टी माहीत असू द्या. कामासाठी परदेशी राहायला लागलात की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं. दुसरं, इथल्या ट्रस्टने परदेशातल्या कामावर पैसे खर्च केले तर त्या रकमेवर सहसा करसवलत मिळत नाही, आधी परवानगी लागते. म्हणून खजिनदारांना "नंतर बघू" म्हणू देऊ नका. तिसरं, तिकडचा एखादा परदेशी मित्र हौसेने म्हणतो, "तुमच्या ठाण्याच्या मंडळीला मी काही देतो." एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय तो पैसा घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी 2020 च्या दुरुस्तीनंतर तो आधी दिल्लीला स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. शारजाला नोकरी करणाऱ्या, भारतीय पासपोर्ट असलेल्या आपल्या भाच्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेला पैसा मात्र परदेशी धरत नाहीत. हा फरक समजावून सांगताना माझी एक अख्खी महिला सभा गेली आहे.

आता खरं काम: मंडळीपुढे बोलणं.

वीस मिनिटं मिळतात. पहिल्या वर्षी आम्ही 140 फोटो आणले होते. साठाव्या फोटोला कॉयरमधला एक मुलगा भिंतीला डोकं टेकून झोपला. आता मी सहा फोटो आणते. फोटोतल्या माणसाला आधी विचारलेलं असतं, "हा मी माझ्या गावी दाखवू का?" एकीने नाही सांगितलं, तिचा दाखवत नाही. नाकाला शेंबूड आलेलं, फाटक्या कपड्यातलं पोर दाखवलं की दानार्पणाची थैली जड होते, हे मला माहीत आहे. तरी दाखवत नाही. उद्या म्वांझाच्या कुणी धारावीचे सहा फोटो काढून "हे ठाणे" म्हणून तिकडे दाखवले तर आपल्याला चालेल का?

लोक विचारतात, तुम्ही झोपडीत राहता का? म्वांझा मोठं शहर आहे, विक्टोरिया सरोवराच्या काठावर. टेकड्यांवर घराएवढाले खडक आणि खडकांच्या मधून घरं. मी सांगते की आपल्याकडे यूपीआय 2016 ला आलं, टांझानियात फोनवरून पैसे पाठवायची एम-पेसा 2008 पासून आहे. भाजीवाली 'मामा' (तिकडे बाईला मामा म्हणतात) तेव्हापासून सुट्ट्याची कटकट करत नाही.

मग मी नाशिकला येते. हे नव्या जोडप्याने पाठच करावं, कारण आपल्या लोकांना आफ्रिका लांब वाटते. एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला आणली जात. त्यातली बरीच नाशिकजवळ शरणपूरच्या मिशनमध्ये वाढली, शिकली, आणि पुढे त्यांतले काही जण आफ्रिकेत परत गेले. त्यांना 'नाशिक बॉइज' म्हणत. जेकब वेनराइट त्यांतला एक. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. दफनविधी वाचला जेकबने, झाडावर नाव कोरलं जेकबने. मग सगळ्यांनी मिळून ते शव चालत चालत आजच्या टांझानियातल्या बागामोयो बंदरापर्यंत आणलं. 1874 मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत माती दिली, तेव्हा शरणपूरचा हा मुलगा तिथे हजर होता. हे सांगितलं की सभागृहात खुर्च्यांचा आवाज थांबतो. नाशिकला ज्यांचं माहेर आहे त्या बायका तर ताठ बसतात.

महिला मंडळात मात्र इतिहास नको, स्वयंपाक सांगा. तिकडची म्चिचा म्हणजे आपला माठच, मी लसूण-मिरचीवर परतते. सरोवराच्या काठावर दागा नावाची बोटाएवढी मासळी वाळत घालतात. पहाटे बायका ती वाळूवर पसरतात आणि ऊन चढलं की वाकून हाताने उलटत जातात; लांबून बघितलं तर रुपेरी चटई वाटते, जवळ गेलं की वास सरळ आपल्या सुकटीचा. पहिल्यांदा तो आला तेव्हा मी तिथेच उभी राहून रडले. यांना वाटलं, मला मळमळतंय.

दोन्हीकडच्या मंडळ्यांची ऑनलाइन भेट घालणार असाल तर वेळ तुम्हीच ठरवा, मधल्या माणसावर सोडू नका. टांझानियाचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, हे सगळ्यांना समजतं. न समजणारी गोष्ट वेगळीच आहे. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. म्वांझाच्या पाळकांनी आमच्या सेक्रेटरींना कळवलं, रविवारी 'सा तातू'. सेक्रेटरींनी फोनमध्ये अर्थ बघितला, तीन वाजता. अडीच मिळवले आणि संध्याकाळी साडेपाचला खुर्च्या मांडल्या, पडदा लावला, वड्यांची ऑर्डर दिली. तिकडे लोक तिसऱ्या तासाला, म्हणजे त्यांच्या सकाळी नऊला, नवे कपडे घालून बसले होते. तेव्हा आपल्याकडे साडेअकरा. मी घरी मटणाला वाटण लावत होते आणि फोन चार्जिंगला होता. आता मी दोन्ही देशांच्या वेळा आकड्यांत लिहून पाठवते, पुढे 'सकाळी' असं अक्षरांत.

मुलांना आणण्याआधी आजी-आजोबांना तयार करा. आमची लेक पाच वर्षांची असताना विमानतळावरून घरी आली, चप्पल काढली आणि सासूबाईंपुढे उभी राहून म्हणाली, "शिकामो." सासूबाई माझ्याकडे बघतात: "काय मागतीये गं ही? शिकरण?" शिकामो म्हणजे वडीलधाऱ्यांना नमस्कार, त्यावर मोठ्यांनी 'मारहाबा' म्हणायचं असतं. उत्तर येईना, म्हणून पोर जागची हलेना. तिचे ओठ थरथरायला लागले. मी मागून सांगितलं, "आई, मारहाबा म्हणा." त्यांनी तीनदा अडखळत म्हटलं, तेव्हा ती जाऊन बिलगली. तेव्हापासून निघायच्या आधी मी फोनवर सासूबाईंची उजळणी घेते. उलट दिशेने, मुलांना मराठी वाचायला रोज पंधरा मिनिटं. आम्ही 'उपासना संगीत' या चर्चच्या गीतांच्या पुस्तकातलं एक गीत घेतो. चाल येत असली की अक्षरं लवकर लागतात. स्वाहिलीत दुका, गारी, चपाती, लाकी असे शब्द आहेतच, तेही धरून ठेवा. लेक म्हणते, "आई, ही मराठी सोपी आहे, थोडी चुकीची स्वाहिली आहे."

एक गोष्ट लिहायला जड जाते, पण वहीत ती पहिल्या पानावर हवी. म्हाताऱ्या आईवडिलांचं काय, हे जायच्या आधी सगळ्या भावंडांनी एकत्र बसून ठरवा. दवाखान्यात सही कोण करणार. कुणाला यायचं, कुणी नाही. आणि आमच्यासाठी थांबायचं की नाही. माझे बाबा गेले तेव्हा हे ठरलेलं नव्हतं. भावाने विचारलं, "ताई, ठेवू का?" मी म्वांझाच्या दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये उभी, हातात सलाइनची बाटली. मला बोलताच येईना. त्याने माझ्या गप्प बसण्याचा अर्थ 'नको' असा घेतला. बाबांची माती मला मिळाली नाही, मी तिसऱ्या दिवशी पोचले. भावावर राग धरून वर्ष काढलं, तो बिचारा काय करणार होता. तेव्हापासून एका माणसाच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात असतात, त्याला मुलांची फी असो की काही असो, हात लागत नाही. सासूबाईंनी स्वतः सांगून ठेवलंय: "माझ्यासाठी एक दिवस थांबा, दोन नको. बर्फात ठेवू नका."

आता सामान. 1 जून 2019 पासून टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगना बंदी आहे, तेव्हा जांभळी नाक्यावरून बांधून आणलेल्या पिशव्या तशाच बॅगेत टाकू नका. मसाले कापडी पिशव्यांत आणि डब्यांत भरा. डाळी, तांदूळ, जिरं-मोहरी म्वांझाच्या भारतीय दुकानांत मिळतं, उगाच वजन नको. गोडा मसाला, आमसुलं, कुकरच्या रिंगा चार आणि शिट्ट्या दोन न्या. जवळच्या नंबरचे चष्मे दोन. औषधं चिठ्ठीसकट.

शेवटचे दोन दिवस कुणाकडेही जेवायला जायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. घर बंद करायलाच ते लागतात. फ्रिज रिकामा करून, पुसून, दाराच्या फटीत वर्तमानपत्राची घडी घालून उघडा ठेवा. पहिल्या वेळी मी तो बंद करून गेले होते. तीन वर्षांनी उघडला तेव्हा शेजारच्या काकू नाकाला पदर लावून जिन्यापर्यंत गेल्या. कपाटात कापूर घाला, गॅस बंद, पाण्याचा मुख्य कॉक बंद. एक किल्ली दिरांकडे, एक काकूंकडे. काकूंना सांगा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा खिडक्या उघडा. त्या उघडतात, आणि मला फोन करून सांगतात की तुमच्या खिडकीत कबुतराने परत घरटं केलंय, काढू का. मी म्हणते, पिल्लं उडेपर्यंत राहू द्या.