दांडा अडकत होता, कारण निघाली इवलीशी ऐरण

टेक्सासला आल्यापासून नेमबाजीचा नाद लागला आणि .३८ स्पेशल या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या मी घरीच पुन्हा भरतो. मागच्या शनिवारी प्रेसचा, म्हणजे पुंगळ्या भरायच्या हातयंत्राचा, दांडा अर्ध्यावर अडकू लागला. जोर लावला नाही. प्रायमर (ठोका बसताच पेटून पावडर पेटवणारी, पुंगळीच्या बुडातली टोपी) बसवताना आंधळा जोर फार धोक्याचा. आधी पावडर आणि नवे प्रायमर दुसऱ्या खोलीत नेले. डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) काढून नुसता दांडा हलवला, तरी अडकलाच. म्हणजे दोष पुंगळीत किंवा डायमध्ये नव्हता.

टॉर्च मारला. रॅमच्या (दांड्याने वर-खाली होणाऱ्या दट्ट्याच्या) ज्या खाचेत प्रायमर बसवणारा आर्म सरकतो, तिथे तेलात कालवलेली काळी काजळी बसली होती आणि तिच्यात वापरलेल्या प्रायमरमधून निखळलेली पितळी ऐरण (ठोका झेलणारा प्रायमरच्या आतला तुकडा) आडवी. तांदळाच्या दाण्याहूनही लहान! ती चिमट्याने काढली. या काजळीत शिसं असतं, म्हणून हातमोजे घालून मिनरल स्पिरिट या पेट्रोलियम द्रावकाच्या ओल्या फडक्यानेच पुसलं. कोरडा ब्रश मारू नका, धूळ श्वासात जाते.

रॅमला पातळ तेलाचा एकच थेंब लावून जास्तीचं टिपून घेतलं, कारण तेल प्रायमरपर्यंत गेलं तर तो फुसका निघू शकतो. आता दांडा लोण्यासारखा फिरतो. दर बैठकीनंतर खाच पुसतोच.