आधी पाणी, मग दवाखाना : अमोनिया प्लांटवर नव्यानं जाणाऱ्यांसाठी

आयटीआयला रेफ्रिजरेशनच्या ट्रेडमध्ये दोन वर्षं मी तांब्याच्या नळ्या वाकवल्या, ब्रेझिंगनं त्यांचे सांधे जोडले, स्प्लिट एसीत गॅस भरला. मग रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलो आणि पहिल्याच दिवशी कळलं, की इथं तांबं-पितळ चालतच नाही. दमट अमोनिया तांबं खातो. म्हणून पाइप लोखंडी, व्हॉल्व्ह लोखंडी, सगळं जाडजूड आणि वेल्डिंगचं. माझ्या दोन वर्षांच्या ब्रेझिंगला तिथं काडीची किंमत नव्हती.

दुसरा फरक वासाचा. एसीतला गॅस निसटला तरी नाकाला पत्ता लागत नाही. अमोनिया मात्र सांगून येतो. लहानपणी आमच्या वाडीत कल्हईवाला यायचा. तापल्या पातेल्यात नवसागर टाकून बोळा फिरवला की पांढरा धूर उठायचा आणि नाकात झणका बसायचा. त्या झणक्यातला एक वाटेकरी अमोनिया. प्लांटच्या दारात पाय ठेवला तेव्हा मला आधी ते पातेलंच आठवलं.

प्लांटवर 'अमोनिया' असं कुणी म्हणत नाही, नुसतं 'गॅस' म्हणतात. काम साधं आहे. खाऱ्या पाण्याची मोठी टाकी, तिच्यात पत्र्याचे डबे, डब्यांत गोडं पाणी. टाकीतल्या कॉइलमध्ये अमोनिया उकळतो, खारं पाणी उणे दहाच्या आसपास उतरतं आणि डब्यात लादी धरते. 'उकळतो' हा शब्द गारठ्यात विचित्र वाटेल, पण उघड्या हवेत अमोनिया उणे ३३ अंशांनाच उकळतो. म्हणजे पाइपातून बाहेर आलेला द्रव अंगावर पडला तर तो एकाच वेळी गोठवतोही आणि भाजतोही. भाजतो, कारण तो ओलावा शोधतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ७०० लिटर अमोनिया वायू मावतो. आणि माणसाच्या अंगावर ओलावा कुठं असतो? डोळे, नाक, घसा, काख, जांघ, मानेच्या वळ्या. बरोबर तिथंच तो धरतो, आणि पाण्यात विरघळला की तिखट अल्कली होतो. आम्लानं भाजलं तर वरच्या कातडीचा जळका थर थोडाफार अडसर तरी होतो. अल्कली पेशी विरघळवत आत उतरत जातो, डोळ्यात तर काही सेकंदांत.

आता ती गोष्ट. १ जून ते ३१ जुलै महाराष्ट्रात यांत्रिकी मासेमारी बंद असते. त्या काळात कारखानाही थंड असायचा. कॉम्प्रेसर खोलायचा, व्हॉल्व्हची ग्लँड (दांड्याभोवतीचं सील) बदलायची, डब्यांची भोकं बुजवायची. जुलै संपता संपता प्लांट उठवायचा, कारण बोटी सुटायच्या आधी बर्फ तयार हवा. सगळ्यांना घाई. अशाच एका सकाळी माझ्याबरोबरचा हेल्पर ॲक्युम्युलेटरच्या, म्हणजे द्रव अमोनिया साठतो त्या भांड्याच्या, तळातलं ऑइल काढत होता. कॉम्प्रेसरचं ऑइल थोडं थोडं गॅसबरोबर पुढं जातं आणि अमोनियापेक्षा जड म्हणून तळाशी बसतं, ते अधूनमधून काढावंच लागतं. गार ऑइल काकवीसारखं घट्ट असतं. बादलीत धार पडेना म्हणून त्यानं व्हॉल्व्ह अर्धा फेरा जास्त उघडला. तरी पडेना. अजून उघडला. मग व्हॉल्व्ह एकदा थुंकला, दोनदा थुंकला, ऑइल संपलं आणि मागचा द्रव अमोनिया फुस्सकन आला. तोंडावर आणि उजव्या हातावर. चष्मा खुंटीला होता.

आमचे मिस्त्री, त्यांना सगळे तात्या म्हणत, दारात होते. मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला त्यांनी दुसऱ्याला पिटाळलं आणि स्वतः पोराची कॉलर धरून त्याला डबे भरायच्या पाइपाखाली नेलं. शेजारीच खाऱ्या पाण्याची टाकी होती, मी तिच्यातून बादली उचलली, तर ओरडले, "ते नको रे, गोडं!" मग पाइप माझ्या हातात दिला आणि दोन बोटांनी त्याच्या पापण्या फाकवून धरल्या. तो डोळे मिटायला बघायचा, अंग झाडायचा, शिव्या द्यायचा. तात्या एकच म्हणत होते, "घाल पाणी. थांबू नको."

मी दुसऱ्या हातानं त्याची बाही सोडवायला गेलो. कापड हाताला चिकटून कडक झालं होतं. तात्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. "ओढू नको, कातडी येईल." पाणी घालत राहिल्यावर चार-पाच मिनिटांनी बाही आपोआप सुटली, मग कात्रीनं कापली.

दोन मिनिटांत ऑफिसातला माणूस बाइक घेऊन आला. "बसवा, दवाखान्यात नेतो." तात्या जागचे हलले नाहीत. भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "पंधरा मिनिटं होऊ देत." पंधरा मिनिटं म्हणजे किती, हे मला त्या दिवशी कळलं. सहाव्या मिनिटाला माझे हात बधिर झाले. आठव्याला पोरगा शांत झाला आणि मला वाटलं झालं, बास. नाही. पुरी पंधरा मिनिटं पाणी, मग गाडी, आणि गाडीतही बाटल्यांनी पाणी चालूच. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिथं पुन्हा अर्धा तास धुतलं. आज त्याच्या एका बुबुळावर बारीक पांढरा डाग आहे, उन्हात डोळ्याला पाणी येतं. पण तो दोन्ही डोळ्यांनी गाडी चालवतो. 'पाणी थांबवलं असतं तर मी वेगळं बोललो असतो,' असं डॉक्टर तात्यांना म्हणाले.

अमोनियावर उतारा नाही. पाणी हाच उतारा, आणि तो दवाखान्यात नसतो, तुमच्या हाताशी असतो. लोक घाई करतात ती नेमकी चुकीच्या गोष्टीची, गाडी काढायची. कॉन्टॅक्ट लेन्स असेल आणि सहज निघत असेल तर काढा, नाहीतर तिच्यापायी वेळ घालवू नका. अंगावरचे भिजलेले कपडे, बूट, घड्याळ, करगोटासुद्धा काढा, फक्त गोठून चिकटलेलं काही ओढू नका. चोळू नका. आणि आपल्याकडचे घरगुती उपाय कृपा करून दाराबाहेर ठेवा. अल्कलीवर लिंबू किंवा व्हिनेगर टाकून 'मारायला' जाणारे मी पाहिलेत. त्यानं उष्णता होते आणि जखम वाढते. तूप, हळद, टूथपेस्ट, मलम यांच्याखाली गॅस कोंडून राहतो. बेशुद्ध माणसाच्या नाकाशी कांदा फोडणं तर कळसच, आधीच त्याची श्वासनलिका सोलून निघालेली असते. बेशुद्ध असेल तर तोंडात पाणीही घालू नका.

गॅस छातीत गेलेल्याला मोकळ्या हवेत न्या, अर्धवट बसतं करा, आवळलेलं सैल करा, चालवू-पळवू नका. ऑक्सिजन असेल आणि तो द्यायचं शिकलेला माणूस असेल तर द्या. १०८ला फोन करताना 'गॅस लागला' एवढंच सांगू नका, लोकांना स्वयंपाकाचा सिलिंडर वाटतो. 'अमोनिया' हा शब्द उच्चारा.

हे मी अनुभवावरून सांगतोय, कारण त्या सकाळी गॅस मलाही लागला होता. पाणी घालताना मी वाऱ्याच्या खाली उभा होतो. दुपारभर खोकलो, गरम चहा प्यालो, संध्याकाळी बरं वाटलं म्हणून खोलीवर जाऊन झोपलो. रात्री दोनला उठलो तो बुडाल्यासारखा. आडवं होता येईना, छातीत घुरघुर. अमोनियानं फुप्फुसात पाणी होतं ते लगेच होईलच असं नाही, काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही होतं. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "दमा आहे का?" मी नाही म्हणून मान हलवली, बोलता येत नव्हतं. बरोबर आलेल्या रूममेटला कारखान्यात काय झालं ते माहीतच नव्हतं. तेव्हापासून माझ्या पाकिटात एक चिठ्ठी असते : 'अमोनियावर काम करतो. यूएन क्रमांक १००५.' (घातक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीतला अमोनियाचा क्रमांक.) आणि ज्याच्या छातीत गॅस गेला, त्याला बरं वाटलं तरी त्या रात्री एकट्याला झोपू द्यायचं नाही, डॉक्टरांच्या नजरेखाली ठेवायचं.

आकडे थोडक्यात. हवेच्या दहा लाख भागांत पाच भाग (म्हणजे ५ पीपीएम) अमोनिया असला तरी पुष्कळांच्या नाकाला कळतो. २०२५पर्यंत लागू असलेल्या १९४८च्या फॅक्टरी ॲक्टच्या परिशिष्टात आठ तासांच्या कामासाठी २५ पीपीएम आणि थोड्या वेळासाठी ३५ पीपीएम ही मर्यादा लिहिली होती. ३०० पीपीएम म्हणजे जिवाला तत्काळ धोका. आणि काही हजारांत गेला की घसा आवळतो, माणूस दारापर्यंत पोचेलच याची खात्री नाही. बंद खोलीत १५ ते २८ टक्के झाला तर पेटतोही, म्हणून गळतीत बटणं दाबत फिरू नका, पंखा चालू करायचा तर बाहेरच्या स्विचवरून.

गळतीत पळायचं कुठं? पुस्तकात लिहिलंय की अमोनिया हवेपेक्षा हलका, वर जातो. खरं आहे. पण फुटलेल्या पाइपातून गार द्रव आला की हवेतल्या बाष्पासकट त्याचं पांढरं धुकं होतं आणि ते जमिनीलगत सरपटतं. कोकणातल्या पावसाळ्यात तर हमखास. म्हणून आधी वारा बघायचा. आमच्याकडं वाऱ्याची पिशवी नव्हती, तात्या माडाच्या झावळ्यांकडं बघायचे. वारा तोंडावर घेऊन निघायचं. मध्ये धुकं असेल तर वाऱ्याला आडवं कापून बाहेर पडायचं आणि मग वळायचं. ओलं फडकं नाकातोंडावर धरलं तर निसटण्यापुरतं उपयोगी पडतं, परत आत जाण्यापुरतं नाही. धुक्यावर पाण्याचा फवारा मारला तर ते बसतं. जमिनीवर साचलेल्या द्रवावर मात्र पाणी मारू नका, तो पाण्याच्या उबेनं भडाभडा उकळतो आणि धुकं दुप्पट होतं.

मास्कबद्दल नव्या पोरांचा मोठा गैरसमज असतो. गॅस गाळणारा हिरव्या पट्ट्याचा डबा लावलेला मास्क हा थोड्या गॅससाठी, थोड्या वेळासाठी. दाट गॅसात पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला संचच लागतो आणि तोही दोघांनी मिळून. डब्याचं सील तुटलंय का, तारीख उलटलीय का, हे स्वतः बघा. दाढी राखायची हौस असेल तर एक ठरवा, कारण केसांवर मास्क बसत नाही.

ऑइल काढायची रीत मात्र नीट शिका, कारण रोजच्या कामातला खरा घातवार तोच. एकट्यानं काढायचं नाही. हात सोडला की आपोआप मिटणारा स्प्रिंगचा व्हॉल्व्ह हवा, नसेल तर मागून घ्या. त्या स्प्रिंगला तारेनं बांधून ठेवणारा दिसला तर त्याच्या शिफ्टला जाऊ नका. डोळ्यांना पूर्ण बंद गॉगल, वर फेसशील्ड, लांब रबरी हातमोजे, तोंड व्हॉल्व्हच्या बाजूला. आणि सुरू करण्याआधी पाण्याचा पाइप उघडून बघायचा, पाणी खरंच येतंय का. आणि दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये द्रव कोंडू द्यायचा नाही. तो तापला की फुगायला जागा नसते, पाइप फाटतो.

मुलाखतीत पगार, जेवण, खोली सगळं विचारा, पण प्लांट दाखवा असंही म्हणा. डोळे धुवायचा फवारा कुठं आहे ते बघा आणि दाबून बघा. निम्म्या ठिकाणी त्यात पाण्याऐवजी कोळ्याचं जाळं निघतं. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र कुणाकडं आहे ते विचारा. कुणाकडंच नसेल तर सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचा कोर्स स्वतः करून टाका, नोकरी बदलतानाही कामाला येतो.

आता मी तासगाव भागातल्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर आहे. इथं गळती शोधायला गंधकाची कांडी पेटवतात, अमोनिया असेल तिथं पांढरा धूर धरतो. मी हळदीत भिजवलेला ओला कागदही वापरतो, गॅस लागला की कुंकवासारखा लालसर होतो. सांगलीच्या हळदीचा हाही एक उपयोग. कारण नाकाचं म्हणाल तर माझं नाक गेलं. रोज थोडा थोडा वास घेतला की नाक सरावतं आणि कळवायचं बंद करतं. परवा नवीन अप्रेंटिस आला, दारातच नाकाला रुमाल लावून म्हणाला, "सर, कसला तरी वास येतोय." आम्ही तिघं जुने आत बसून डबा खात होतो, कुणालाही काही नव्हतं. कांडी फिरवली, तर दोन नंबरच्या पंपाच्या ग्लँडला धूर. आता तो रोज शिफ्टला आला की मी त्याला आधी दारात उभा करतो आणि विचारतो.