जुन्या पेट्रोल गाडीत इंजेक्टर क्लीनर कसं वापरावं

इंजेक्टर क्लीनर म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करायला टाकीत ओतायचं औषध. ते ओतण्याआधी एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग तपासा. प्लगमधली फट वाढली असेल किंवा फिल्टर चोंदला असेल, तर टाकीत काहीही ओतून गाडीची ओढ परत येणार नाही. सायलेन्सरमधून निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सीलच्या झिजेवर बाटलीतलं औषध चालत नाही.

क्लीनर घेताना लेबलवर पॉलिइथरअमाइन, म्हणजे पीईए, आहे का ते बघा. इंजेक्टरच्या तोंडाशी आणि ज्वलनकक्षात घट्ट बसलेला कार्बन सुटतो तो मुख्यतः याने. टाकी रिकामी होत आली की लेबलवर दिलेलं माप ओता आणि मग टाकी पूर्ण भरा, म्हणजे मिश्रण नीट होतं. दुप्पट डोस देऊ नका, त्याने दुप्पट सफाई होत नाही. ही भरलेली टाकी संपेपर्यंत शक्यतो मोकळ्या रस्त्यावर, इंजिन पूर्ण तापवून चालवा. क्लीनरचा थोडा अंश ऑइलमध्ये उतरतो, म्हणून ऑइल बदलण्याच्या थोडं आधी हे करणं उत्तम.

टाकीत गाळ साचलेला असेल तर तो सुटून फ्युएल फिल्टर तुंबतो आणि गाडी चढावर धक्के देते. नवा फिल्टर हाताशी ठेवाच.

डायरेक्ट इंजेक्शन इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, ते इनटेक व्हॉल्व्हवर (हवा आत घेणाऱ्या झडपेवर) पडतच नाही, त्यामुळे तिथला कार्बन याने निघत नाही. ऑक्टेन बूस्टर (पेट्रोलचा ऑक्टेन वाढवणारं वेगळं औषध) मात्र इंजिन नॉकिंग करत नसेल, म्हणजे ठोक्यांसारखा आवाज देत नसेल, तर घेऊच नका.