कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये पहिलं वर्ष: पुण्यात नव्याने आलेल्यांसाठी

दरवर्षी जुलै आला की कोणी ना कोणी विचारतंच, पुण्यात ॲडमिशन झालीये, शाळेत खेळायचो, कॉलेज टीमचं कसं असतं. मी डिग्रीची सगळी वर्षं कॉलेजकडून लेफ्ट बॅक खेळलो आणि शेवटच्या वर्षी टीमचे कागद पण माझ्याच गळ्यात पडले होते, तर एकदाच काय ते लिहून टाकतो.

पहिली गोष्ट, सीझन फार छोटा असतो. टीव्हीवर लीग बघून डोक्यात असतं की आज हरलो तर पुढच्या शनिवारी भरून काढू, तसलं काही नाही. इंटर कॉलेजिएट नॉकआउट असते, हरलात की त्या दिवशी संध्याकाळी सीझन संपला, पुढचा थेट पुढच्या वर्षी. मॅच पण बऱ्याचदा पूर्ण ९० मिनिटांची नसते, बरोबरीत सुटली तर एक्स्ट्रा टाइम न देताच पेनल्टी. म्हणजे दोन महिने सकाळी उठून प्रॅक्टिस आणि निकाल एका तासात. त्यामुळे जी टीम जास्त भारी खेळते तीच पुढे जाते असं अजिबात नाही, जिची अकरा पोरं त्या दिवशी फिट, वेळेवर आणि कागदांसकट मैदानावर असतात ती जाते. हे मी टोमणा म्हणून सांगत नाहीये, खरंच असंच आहे.

आता रचना. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यातली कॉलेजं येतात. खेळासाठी त्यांचे झोन पाडलेत, पुणे शहर वेगळा, पुणे जिल्हा वेगळा, मग नगर आणि नाशिक. आधी झोनमधली कॉलेजं आपापसात खेळतात, त्यातून झोनची टीम निवडतात, मग इंटर झोनल, तिथून विद्यापीठाची टीम आणि कॅम्प. विद्यापीठाची टीम वेस्ट झोनला जाते, हा झोन वेगळा, देशपातळीवरच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेचा, तिथे महाराष्ट्र, गोवा, गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातली विद्यापीठं असतात, आणि त्यातल्या पहिल्या चार टीम ऑल इंडियाला. यात एक चांगली सोय आहे, तुमचं कॉलेज पहिल्याच मॅचला बाहेर गेलं तरी सिलेक्टरनी तुम्हाला बघितलेलं असतं, झोनच्या ट्रायलला नाव जाऊ शकतं. म्हणून ३-० ने मागे असलात तरी शेवटची दहा मिनिटं चालत खेळू नका. आणि तुमचं कॉलेज अभिमत किंवा खाजगी विद्यापीठात असेल तर हा सगळा जिना नाही, त्यांची स्वतःची टीम थेट वेस्ट झोन खेळते, तिथे ट्रायल एकच पण गर्दी जास्त.

अकरावी-बारावीवाल्यांनी गोंधळ करू नका, मैदान आणि जिमखाना तोच असला तरी तुमच्या स्पर्धा वेगळ्या, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या शालेय स्पर्धा, १९ वर्षांखालच्या. सिनियरसोबत प्रॅक्टिस मात्र करा, धक्के खायची सवय होते.

ट्रायल. जिमखान्याच्या बोर्डावर एक कागद लागतो, तो सुद्धा कधीकधी जुन्या कॅरमच्या नोटिसवर चिकटवलेला, त्यामुळे बोर्डाच्या भरवशावर राहू नका, पहिल्याच आठवड्यात जिमखान्यात जाऊन स्पोर्ट्सच्या सरांना तोंड दाखवा आणि सिनियर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घुसा. ट्रायलच्या वहीत निम्मी पोरं पोझिशनसमोर स्ट्रायकर लिहितात, उरलेली विंगर. तुम्ही साइड बॅक किंवा गोलकीपर लिहिलंत तर अर्धं काम तिथेच झालं, डावखुरे असाल तर मोठ्याने सांगा. ट्रिका दाखवू नका. वीस मिनिटांच्या मॅचमध्ये सर एवढंच बघतात की बॉल पायाला चिकटतो का, आणि बॉल गेल्यावर हा पोरगा कमरेवर हात ठेवून उभा राहतो का मागे पळतो.

टीममध्ये कोण कोण असतं याची आधी कल्पना असू द्या. सुब्रतो कप, म्हणजे शाळांची देशपातळीवरची स्पर्धा, खेळून आलेला एक तरी असतो आणि ते तो पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. मणिपूर, मिझोराम, केरळ, गोवा इथून शिकायला आलेली पोरं असतात, त्यामुळे मैदानावरची भाषा हिंदी होऊन जाते, ‘पीछे है’, ‘खाली है’, ‘मॅन ऑन’. आणि कोल्हापूरकर असतातच. पुण्यात क्रिकेटपुढे फुटबॉलला कोणी विचारत नाही, पण तिकडे पेठापेठांच्या टीम आहेत, पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण असली मॅच शाहू स्टेडियमवर असली की अख्खं गाव लोटतं, त्या गर्दीपुढे खेळलेल्या पोराला आपल्या इंटर कॉलेजिएटच्या पन्नास-साठ बघ्यांचं काय टेन्शन येणार. पेनल्टीला त्यालाच पुढे करा.

आता पाऊस आणि गणपती, कारण पुण्यातला सीझन या दोघांच्या मधे सापडतो. जुलै-ऑगस्टात मैदान म्हणजे चिखल, गोल एरियात पाणी साठलेलं, जमिनीवरून दिलेला पास मधेच थांबतो आणि डिफेंडर आरामात उचलून नेतो. अशा दिवशी बॉल हवेतून खेळायचा, बॅक पास बंद, आणि कीपरने बॉल धरायच्या नादाला न लागता मुठीने बाहेर फिस्ट करायचा. आणि पाऊस हटला की महिन्याभरात तेच मैदान मुरूम होऊन जातं, पडलात तर मांडी सोलून निघते. त्यामुळे सुरुवातीलाच महागडे लांब स्टडचे शूज घेऊ नका, आखूड रबरी स्टडवाले घ्या, दोन्हीकडे चालतात आणि सिझनभर टिकतात. बाणेर-कोथरूडच्या भाड्याच्या टर्फवर फाइव्ह-अ-साइड खेळून फर्स्ट टच सुधारतो, पण अकरा जणांच्या मोठ्या मैदानाचा दम तिथे येत नाही, तो पळूनच येतो.

गणपतीचं म्हणाल तर टीममधली दोन-तीन पोरं हमखास ढोल पथकात असतात. पथकाची प्रॅक्टिस जून-जुलैपासून रोज संध्याकाळी, नदीपात्रात नाहीतर कुठल्यातरी पुलाखाली, ढोल कमरेला बांधून दोन-दोन तास उभं राहायचं, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आमचा राइट विंगर मैदानावर यायचा तो कंबर धरूनच. स्प्रिंट लावा म्हटलं की हसायचा. सरांनी ओरडून पाहिलं, काही उपयोग नाही, पुण्यातल्या पोराला पथक सोड म्हणणं म्हणजे भांडणच. शेवटी आम्ही त्या दहा दिवसांत सकाळची प्रॅक्टिस हलकी केली, फक्त पासिंग आणि सेट पीस (कॉर्नर, फ्री किक वगैरे), आणि विसर्जनानंतर एक अख्खा दिवस सुट्टी, कारण मिरवणूक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालते आणि कोणी झोपलेलं नसतं. ड्रॉमध्ये, म्हणजे मॅचच्या वेळापत्रकात, आपली मॅच नेमकी त्याच आठवड्यानंतर आली तर बेंच, म्हणजे राखीव पोरं, मजबूत असलेली टीम जिंकते. कॅप्टन लोकांनो, ऑगस्टातच वहीत लिहा कोण कोण पथकात आहे.

कागद. हा भाग कंटाळवाणा आहे पण जास्तीत जास्त सीझन इथेच बुडतात. एलिजिबिलिटी फॉर्म, त्यावर फोटो, प्राचार्यांची सही-शिक्का, दहावी-बारावीच्या मार्कशीट, फीची पावती, बोनाफाइड, आयकार्ड. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची अट २५ च्या आत, त्यामुळे दोन-तीन ड्रॉप घेऊन आलेल्या मास्टर्सवाल्यांनी आधीच हिशोब करा. मी स्वतः पाहिलेली गोष्ट, सेमीफायनलला समोरची टीम २-० ने जिंकली, आमची पोरं शूज काढत होती, तेवढ्यात कळलं की त्यांच्या एका मिडफिल्डरची ॲडमिशनच कन्फर्म झालेली नव्हती. आयोजकांच्या टेबलवर प्रोटेस्ट गेला, फाइल उघडली, त्या पोराचा फॉर्म होता पण फीच्या पावतीच्या जागी नुसता अर्जाचा प्रिंटआउट. टीम बाद. चांगली टीम होती, आमच्यापेक्षा चांगली. तेव्हा सगळ्यांचे कागद ऑगस्टात एका फाइलमध्ये, दोन सेट झेरॉक्स, आणि प्राचार्यांची सही परीक्षेच्या आठवड्याआधी.

मॅचच्या दिवशी शिन पॅड नसतील तर रेफरी आत सोडत नाही, नियमच आहे. तसंच कडं, चेन, हातातले गंडेदोरे काढावे लागतात, वरून चिकटपट्टी लावलेली चालत नाही. यावरून दरवर्षी कोणीतरी वाद घालतंच, देवाचं आहे वगैरे, आणि टीम दहा जणांवर किकऑफ घेते. घरीच काढून या. सकाळी मिसळ नको, पोहे-केळी बास.

घोटा मुरगळला तर कट्ट्यावरच्या कोणाकडून चोळून घेऊ नका, बर्फ लावा आणि पाय वर ठेवा. गुडघ्यात ‘टक’ आवाज येऊन सूज आली तर थेट ऑर्थोपेडिककडे, लिगामेंट गेल्यावर तसंच खेळून करिअर संपवलेली पोरं आहेत.

मुलींसाठी वेगळं सांगतो. बऱ्याच कॉलेजात मुलींची टीम अकरा भरतच नाही, हॉकी-हँडबॉल-कबड्डीच्या मुली घेऊन उभी करतात. म्हणजे जरा खेळता येत असेल तर पहिल्याच वर्षी स्टार्टिंग इलेव्हनमध्ये, आणि टीम कमी असल्याने झोनच्या सिलेक्शनपर्यंतचं अंतर मुलांपेक्षा बरंच कमी. टीमच नसेल तर सरांकडे नावांची यादी घेऊन जा. ‘टीम का नाही’ विचारलं की उत्तर मिळत नाही, नावं दिली की फॉर्म मिळतात.

अटेंडन्सचं आधीच बोलून ठेवा. मॅचच्या तारखांचं पत्र जिमखान्यातून घेऊन डिपार्टमेंटला द्या, सेमिस्टर संपल्यावर नाही, त्याच आठवड्यात. सर्टिफिकेट मिळालं की नावाचं स्पेलिंग मार्कशीटशी जुळतंय का ते तिथेच बघा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण कुठल्या लेव्हलचं सर्टिफिकेट कुठल्या पोस्टला चालतं याचे नियम कडक आहेत आणि पडताळणी होते, नुसत्या इंटर कॉलेजिएट सहभागावर कोणी नोकरी देत नाही. कोणी तसं सांगून फी मागत असेल तर कल्टी मारा.

आणि सीझन संपल्यावर काय, तर क्लब. पुणे जिल्हा फुटबॉल असोसिएशनची लीग असते, वेगवेगळ्या डिव्हिजनची, खऱ्या मॅच तिथे मिळतात, कॉलेजच्या तीन-चार मॅचवर कोणी प्लेयर होत नाही. रजिस्ट्रेशन ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनच्या ऑनलाइन सिस्टिमवर होतं आणि एका क्लबला बांधले गेलात की मधेच उठून दुसरीकडे जाता येत नाही, म्हणून सही करायच्या आधी विचारा की खेळायला किती मिळेल, फी किती, आणि पुढच्या वर्षी सोडायचं झालं तर एनओसी देणार का. तिसऱ्या प्रश्नावर ज्यांचा चेहरा पडतो तिथे जाऊ नका.