टेन्शन आलं की आधी श्वास सोडा, घ्यायचं नंतर बघू

कुणी घाबरलं की आपण लगेच म्हणतो, अरे लांब श्वास घे. सल्ला अर्धाच आहे हा. घाबरलेला माणूस आधीच भराभर हवा ओढत असतो, त्यात अजून जोरात ओढली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग चक्कर, बोटांना मुंग्या, म्हणजे इंटरव्ह्यूचं टेन्शन राहिलं बाजूला आणि आपल्याला काहीतरी होतंय हीच नवी भीती. खरं काम होतं ते श्वास सोडताना. आत घेताना हृदयाचे ठोके जरा वाढतात, सोडताना कमी होतात, मनगटावर नाडी धरून बघा, बऱ्याच जणांना जाणवतं.

सगळ्यात पटकन होणारा प्रकार सांगतो. नाकाने श्वास घ्या, छाती भरली असं वाटलं की वरून अजून एक छोटासा घ्या, आणि मग ओठ गोल करून तोंडाने अगदी सावकाश, पूर्ण रिकामं होईपर्यंत सोडा. असं दोन-तीनदा, बास. लहान पोरं खूप रडून शांत होताना आपोआप असाच दुहेरी श्वास घेतात बघा. स्टॅनफर्डवाल्यांनी २०२३ मध्ये यावर अभ्यास छापलाय, रोज पाच मिनिटं असं महिनाभर करणाऱ्यांचा मूड नुसतं ध्यान करणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला.

मीटिंगमध्ये किंवा व्हायवाच्या रांगेत असे उसासे टाकले तर लोक वळून बघणार, तिथे तोंड बंद ठेवून चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा, मिनिटाला साधारण सहा श्वास होतात, दोन-तीन मिनिटं करा, शेजारच्याला पत्ताही लागत नाही. खांदे वर जात असतील तर चुकतंय, पोट हललं पाहिजे. घरी असाल तर भ्रामरी बेस्ट, गुणगुणायचं म्हटलं की सोडणं आपोआप लांबतं, मोजायची कटकटच नाही.

चार-चार मोजून श्वास रोखायचा बॉक्स ब्रीदिंगवाला प्रकार पण फेमस आहे, पण आधीच जीव घुसमटतोय तेव्हा रोखायला कशाला सांगायचं, मला नाही पटत. बीपी, हार्टचा त्रास किंवा प्रेग्नन्सी असेल तर रोखण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारूनच. आणि टेन्शनमध्ये कपालभाती नको, ती अंगात तरतरी आणायला असते.

छातीत दुखतंय, हातात किंवा जबड्यात कळ जातेय, दरदरून घाम येतोय, तर मोजत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.