नाथसागराचा उजेड पियानोवर उतरवताना

या उजेडावर पियानोरचना करायची, तर आधी पैठणजवळ जायकवाडीच्या नाथसागराकाठी सूर्यास्ताच्या सुमारास पाऊण तास बसावे आणि पाण्याचा रंग कधी पालटतो, एवढेच वहीत टिपावे. पाणी जवळपास स्थिर असते. पालटत राहतो तो त्यावरचा उजेड. लाटांची नक्कल करणाऱ्या धावत्या सुरावटींनी आरंभ केला, तर रचना बोटांच्या सरावाचा धडा होऊन बसते, म्हणून त्या मोहापासून दूर राहावे.

प्रथम डाव्या हाताने खर्जातला एकच स्वर वाजवून नाद लांबवणारे उजवे पेडल दाबून धरावे. त्यावर वरच्या सप्तकात केवळ काळ्या पट्ट्या वाजवाव्यात. काळी तीनला, म्हणजे तीन काळ्या पट्ट्यांच्या गटातल्या पहिल्या पट्टीला, षड्ज मानले, की त्या पाच पट्ट्यांत भूप रागाचे सा, रे, ग, प, ध मिळतात. लगतच्या दोन स्वरांत कुठेही अर्धस्वराचे अंतर नसल्यामुळे ते पेडलखाली एकमेकांत मिसळले, तरी कानाला टोचत नाहीत.

ऊन ढगाआड जाते त्या क्षणासाठी सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नि हे समान अंतराचे सहा स्वर घ्यावेत. त्यांत शुद्ध मध्यमही नाही आणि पंचमही नाही, त्यामुळे कान कुठेच विसावत नाही. फ्रेंच संगीतकार क्लोद देब्युसी यांनी १९०९ साली लिहिलेल्या ‘व्वाल’ या पियानोरचनेचा बहुतेक भाग याच सहा स्वरांवर उभा आहे. मध्ये थोडा वेळ काळ्या पट्ट्यांचे पाच स्वर येतात, आणि खाली एकच खर्जस्वर पुनःपुन्हा वाजत राहतो. साधने एवढी मोजकी असूनही तिच्यात हवा आणि अंतर जाणवते, ते मला आजही विलक्षण वाटते.

स्वरसंघांची, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची (कॉर्डची), हालचालही याच वृत्तीने करावी. सा, ग, प, कोमल नि, रे हा संघ नेहमीच्या नियमाप्रमाणे पुढच्या संघात सोडवून न घेता जसाच्या तसा एक पूर्ण स्वर वर किंवा खाली सरकवावा.

खरे कौशल्य पेडलचे आहे. ते संपूर्ण सोडल्यास खर्जही जातो आणि पाण्याचा तळच नाहीसा होतो. पियानोवर ते अर्धे उचलून लगेच पुन्हा दाबावे. वरचे क्षीण स्वर पुसले जातात, जाड तारांचा नाद उरतो. साध्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचे पेडल बहुधा चालू किंवा बंद एवढेच जाणते, म्हणून तिथे पेडल बदलताच खर्ज पुन्हा वाजवावा.

शेवट षड्जावर आणू नये. अखेरचा संघ अगदी हळू वाजवून, नाद आपोआप विरेपर्यंत पेडल धरून ठेवण्याची सूचना स्वरलिपीत स्पष्ट लिहावी.