टेस्ट चालली नसेल तर तसं लिहा: कर्नलच्या कामावर नव्याने आलेल्यांसाठी

दरवर्षी इथे म्युनिकच्या गणपतीत पुण्याहून, नाशिकहून नुकतीच आलेली दोन-तीन मुलंमुली भेटतात. त्यांतलं एखादं तरी लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामावर रुजू झालेलं असतं. मी २०१४ मध्ये म्युनिकला आले, तेव्हापासून हेच काम करते. राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवा, त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद मागून घ्या, रविवारी दुकानं बंद असतात म्हणून शनिवारीच भाजी भरून ठेवा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मला बोलायचंय ते स्किप झालेल्या, म्हणजे न चालताच गाळल्या गेलेल्या, टेस्टबद्दल. नवीन माणूस हमखास अडखळतो तो तिथे, आणि त्याला ते कोणी बसवून समजावत नाही.

कर्नलच्या सोर्समध्ये टूल्स, त्यात टेस्टिंग, त्यात सेल्फटेस्ट्स अशी डिरेक्टरी आहे. हेच केसेल्फटेस्ट, कर्नल तपासायच्या टेस्टचा संच. यातली प्रत्येक टेस्ट संपताना एक आकडा परत करते: ० म्हणजे पास, १ म्हणजे फेल, ४ म्हणजे स्किप. मधले २ आणि ३ अपेक्षित फेलच्या हिशेबासाठी आहेत, सुरुवातीला त्यांच्याशी फारसा संबंध येणार नाही. ४ मात्र पहिल्याच दिवशी भेटेल. टेस्टला रूटचे, म्हणजे मशीनच्या मुख्य यूजरचे, अधिकार हवे होते आणि तुम्ही साध्या यूजरने चालवली, कर्नल बांधताना हवा तो कॉन्फिग पर्याय (कर्नलमध्ये काय घ्यायचं हे ठरवणारी सेटिंग) चालू नव्हता, मशीनमध्ये ते हार्डवेअरच नाही, किंवा टास्कसेटसारखं साधं टूल इन्स्टॉल केलेलं नाही: या सगळ्यांचं उत्तर ४.

पूर्वी तसं नव्हतं. कितीतरी टेस्ट अशा वेळी ० परत करून मोकळ्या व्हायच्या, म्हणजे न चाललेली टेस्ट पास म्हणून मोजली जायची. केसेल्फटेस्टची जबाबदारी सांभाळणाऱ्या, म्हणजे मेंटेनर, शुआ खान यांनी २०१८ मध्ये एकेक डिरेक्टरी हातात घेऊन हे बदललं. प्रत्येक पॅचच्या, म्हणजे कोडमधल्या बदलाच्या, मजकुरात कारण साधारण सारखंच होतं: टेस्ट चालू शकली नाही तरी पास दिसते, हा निकाल खोटा आहे.

त्या खोट्या निकालाची किंमत मी त्याआधीच मोजली होती. आमच्या एका बोर्डच्या ड्रायव्हरसाठी मी शेल स्क्रिप्टमध्ये टेस्ट लिहिली. सुरुवातीलाच ड्रायव्हरचं मॉड्यूल (कर्नलला नंतर जोडता येणारा तुकडा) लोड करायचं आणि ते लोड झालं नाही तर ‘एक्झिट ०’. उगाच लाल दिसायला नको, एवढाच विचार होता. पुढे कोणीतरी कॉन्फिग बदललं आणि ते मॉड्यूल बांधलंच जाईना. तीन आठवडे रोज सकाळी रिपोर्ट हिरवा. त्याच तीन आठवड्यांत ड्रायव्हरमध्ये एक चूक शिरली आणि ती सापडली थेट ग्राहकाच्या टेबलावर. माझ्या टीममधल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्याने माझ्याशेजारी बसून लॉग उघडला आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘ही टेस्ट शेवटची कधी चालली?’’ मला सांगता आलं नाही. लॉगमध्ये ते लिहिलेलंच नव्हतं.

आता लॉगची ओळ जवळून बघा. केसेल्फटेस्टचे निकाल टॅप नावाच्या साध्या मजकुराच्या रूपात येतात, आवृत्ती १३. स्किप झालेल्या टेस्टची ओळ अशी दिसते: ‘ओके ३’, पुढे टेस्टचं नाव, मग ‘# स्किप’ आणि कारण. ओळीची सुरुवात ‘ओके’ने आहे, ‘नॉट ओके’ने नाही. म्हणजे तुम्ही लॉगमध्ये नुसतं ‘नॉट ओके’ ग्रेप केलंत, म्हणजे शोधलंत, तर काहीच हाती लागणार नाही आणि सगळं आलबेल वाटेल. लॉगच्या शेवटी ‘टोटल्स’ची एक ओळ येते, त्यात पास, फेल, स्किप यांचे आकडे वेगवेगळे असतात. रिपोर्ट लिहिताना आधी ती ओळ वाचा. आणि कालचा स्किपचा आकडा आजच्याशी ताडून बघा. काल २ होते आणि आज ९ झाले, तर फेल शून्य असलं तरी काहीतरी मोडलंय.

टेस्ट स्वतः लिहाल तेव्हा दोन वाटा आहेत. पूर्ण प्रोग्रामच चालू शकत नसेल तर ‘केएसएफटी_एक्झिट_स्किप’, आठांतली एखादीच टेस्ट गाळायची असेल तर ‘केएसएफटी_टेस्ट_रिझल्ट_स्किप’. गाळलेली टेस्टही मोजली गेलीच पाहिजे. सुरुवातीला आठ टेस्टचा प्लॅन जाहीर केलात आणि तीन ठिकाणी गुपचूप रिटर्न झालात, तर ठरलेल्या आठ आणि चाललेल्या पाच यांचा मेळ बसत नाही आणि शेवटी फेल पडतं. ते योग्यच आहे. केयुनिटमध्ये, म्हणजे कर्नलच्या आतच चालणाऱ्या छोट्या टेस्टच्या चौकटीत, काम करणार असाल तर तिथे ‘कुनिट_स्किप’ आहे, ते टेस्ट जागीच थांबवतं. ‘कुनिट_मार्क_स्किप्ड’ नुसती नोंद करून पुढे जाऊ देतं.

कारण लिहायचा कंटाळा करू नका. ‘सपोर्ट नाही’ एवढ्यावर पुढचा माणूस काय करणार? कोणता कॉन्फिग पर्याय हवा होता, कोणती फाइल सापडली नाही, ते लिहा. बहुतेक टेस्टच्या डिरेक्टरीत ‘कॉन्फिग’ नावाची छोटी फाइल असते, तिला लागणारे पर्याय तिथे लिहिलेले असतात. ‘मेक केसेल्फटेस्ट-मर्ज’ चालवलंत की ते तुमच्या कॉन्फिगमध्ये येतात. निम्मे स्किप तिथेच मिटतात, हा माझा अनुभव.

सगळ्यात जास्त सांभाळायचं ते उलट टोक. फेल झालेल्या गोष्टीला स्किपचा शिक्का मारणं. सिस्टिम कॉलने (प्रोग्रामने कर्नलकडे केलेल्या मागणीने) ‘ईनोसिस’ परत केलं, म्हणजे या कर्नलमध्ये तो कॉलच नाही, तर स्किप करा. पण कॉल आहे, सगळी तयारी आहे आणि तरी ‘ईइनव्हॅल’ (दिलेली माहिती चुकीची) आलं, तर सरसकट स्किप लिहू नका, कदाचित तोच बग आहे. कुठलीही एरर आली की स्किप, असा कोड रिव्ह्यूमध्ये दिसला तर मी तो परत पाठवते. वेळ संपून अडकलेली टेस्टही स्किप नव्हे. मुळातली मुदत ४५ सेकंदांची आहे, ती उलटली की टेस्ट चालवणारी स्क्रिप्ट, म्हणजे रनर, ‘नॉट ओके’च लिहितो.

आता एक गोष्ट आपल्या सवयीची. साहेबाने ‘‘झालं का?’’ विचारलं की ‘‘हो, झालं’’ म्हणायचं, हे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या अंगवळणी पडलेलं असतं, माझ्याही होतं. ‘‘तीन टेस्ट चालल्या नाहीत, आपल्याकडे तो बोर्ड नाही’’ असं सांगायला जीभ रेटत नाही, आपण कमी पडलो असं वाटतं. इथे मला त्या वाक्यासाठी कोणी कधी बोललं नाही. उलट बोर्ड मागवायची ऑर्डर त्याच दिवशी निघाली.

म्हणूनच ‘टेस्टेड-बाय’, म्हणजे ‘हा पॅच मी तपासला’ असं सांगणारा टॅग, देताना थांबा. कोणाच्या पॅचखाली तुमचं नाव त्या शब्दांनिशी गेलं की ते कर्नलच्या इतिहासात कायमचं राहतं, आणि मेंटेनर त्यावर विसंबून पॅच घेतो. पॅचशी संबंधित टेस्टच तुमच्या मशीनवर स्किप झाली असेल तर टॅग देऊ नका. उत्तरात साधं लिहा: अमुक बोर्ड, अमुक कर्नल, आठपैकी पाच पास, तीन स्किप, आणि तिन्हींची कारणं. ज्याच्याकडे ते हार्डवेअर आहे असा कोणीतरी ते वाचतो आणि राहिलेल्या तीन चालवून बघतो.